वेदना उतरविणे आणि क्रूस उचलणे

कर्करोगाच्या रुग्णाला घेऊन वर्षभर परळला खेटे घालणाऱ्या कुटुंबाच्या कानी एक दिवस एक वाक्य पडते: ‘आता करण्यासारखे काही उरलेले नाही.’ कधी ते डॉक्टर स्वतः उच्चारतात, तर कधी घाईने फाइल मिटणाऱ्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून नातेवाईकच ते वाचून घेतात. घरी परतल्यावर दुसरे वाक्य भेटते, आणि ते आपल्याच भाविक माणसांच्या तोंडचे असते: ‘देवाने दिलेला क्रूस आहे, सोसायलाच हवा.’ पहिले वाक्य विज्ञानाच्या नावाने बोलले जाते, दुसरे श्रद्धेच्या नावाने. बोलणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात कपट नसते. परंतु या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडलेला रुग्ण रात्र रात्र कण्हत पडतो आणि घर हळूहळू त्या कण्हण्याला सरावते. हे दोन्ही उद्गार आम्हांला येथे तपासून पाहावयाचे आहेत. पहिला उद्गार वस्तुस्थितीला धरून नाही, आणि दुसरा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाही, असे आमचे मत आहे.

रोग बरा करण्यासारखे काही उरलेले नाही, एवढे म्हटले तर ते अनेकदा खरे असते. पण रोग आणि रोगी या दोन वस्तू आहेत. हाडांत उतरलेली कळ, श्वासाची धाप, अन्ननलिकेत अडकलेला घास, मळमळ, झोपेवाचून गेलेल्या रात्री, जखमेची दुर्गंधी, यांतील बहुतेक गोष्टींवर आज उपाय आहेत. या उपायांच्या शास्त्राला इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह’ असे विशेषण लावतात. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद बाल्फर माउंट यांनी १९७०च्या दशकात ते या अर्थाने रूढ केले. त्याच्या मुळाशी ‘पॅलियम’ हा लॅटिन शब्द आहे. पॅलियम म्हणजे अंगावर पांघरावयाचा झगा. आपल्या वाचकांना हा शब्द वेगळ्या संदर्भात ठाऊक असेल. आर्चबिशपांच्या खांद्यांवर लोकरीची जी पांढरी पट्टी असते, तिचेही नाव पॅलियमच, आणि हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणाऱ्या मेंढपाळाची ती खूण मानली जाते. मराठीत या शास्त्राला उपशामक किंवा परिहार सेवा म्हणतात. शब्द जरा जड आहेत, पण अर्थ सोपा आहे: थंडी थांबविता येत नसेल, तर कुडकुडणाऱ्याला पांघरूण घालावे.

या सेवेतील एका उपायाविषयी आपल्या लोकांत फार गैरसमज आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. हा उपाय म्हणजे किरणोपचार. आपल्याकडे कोणी त्याला ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाइट’. रंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, क्युरी दांपत्याला रेडियम गवसले १८९८ मध्ये, आणि त्यानंतर थोड्याच काळात किरणांनी गाठी जाळण्याचे प्रयोग सुरू झाले. किरण द्यावयाचे ते रोग जाळून टाकण्यासाठीच, अशी समजूत तेव्हापासून घट्ट बसली. मग रोग सर्व शरीरभर पसरल्यावर डॉक्टर पुन्हा ‘लाइट’ सुचवितात, तेव्हा घरच्यांचा गोंधळ उडतो. काहींना वाटते, अजून बरे होण्याची आशा आहे. काहींना वाटते, पैसे उकळण्याचा हा धंदा आहे. दोन्ही तर्क बहुधा चुकीचे असतात.

स्तनाचा, प्रोस्टेट ग्रंथीचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग हाडांत उतरला, की मणका, खुबा, बरगड्या पोखरल्या जातात. ही वेदना कूस बदलतानाही जीव घेते. ज्या हाडात कळ असेल, नेमक्या त्याच जागी किरणांची मर्यादित मात्रा दिली, तर शंभरांतील साठेक रुग्णांची वेदना कमी होते, आणि त्यांतील काहींची तर पूर्ण थांबते. हा गुण लगेच येत नाही. काही दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कळ उलट वाढूही शकते, आणि हे आधी कोणी सांगितलेले नसले तर घरचे लोक घाबरून जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील रक्तस्राव किरणांनी आटोक्यात येतो. अन्ननलिकेत गाठ असलेल्या माणसाला पुन्हा पेज गिळता येते. आणि एक गोष्ट तर प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी अशी आहे. कर्करोगाच्या रुग्णाच्या पाठीत नवी कळ उठून त्याचे पाय लुळे पडू लागले, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो. तेव्हा सोमवारची ओ. पी. डी. उघडण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर औषध व किरण मिळाले तर माणूस चालता राहतो. दोन दिवस गेले, तर उरलेले आयुष्य बहुधा अंथरुणावरच जाते.

आता या उपायात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो सहसा कोणी विचारीत नाही.

हाडांच्या वेदनेसाठी पूर्वी किरणांची मात्रा दहा दिवसांत किंवा पाच दिवसांत विभागून देत असत, आणि पुष्कळ ठिकाणी आजही देतात. १९९९ मध्ये हॉलंड व ब्रिटन येथील दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ८ ग्रे एवढी मात्रा एकाच बैठकीत दिली तरी साध्या हाडदुखीत वेदना तितकीच कमी होते, असे त्यांतून दिसले. पुढे इतर देशांतही तोच अनुभव आला. फरक एवढाच, की एका बैठकीत उपचार घेतलेल्यांपैकी शंभरांतील सुमारे वीस जणांना पुढे पुन्हा किरण घ्यावे लागतात. अनेक बैठका घेतलेल्यांत हे प्रमाण आठेक असते. मणका खचण्याच्या बेतात असेल किंवा मज्जारज्जूला धोका असेल, तर निर्णय निराळा होऊ शकतो, आणि तो डॉक्टरांनीच घ्यावयाचा आहे. पण साध्या प्रसंगी काय होते पाहा. वसईच्या एखाद्या घरातून पहाटे निघावयाचे, खुबा पोखरलेल्या माणसाला रिक्षातून स्टेशनवर, स्टेशनातून लोकलच्या गर्दीत आणि दादरहून टॅक्सीने रुग्णालयात न्यावयाचे, बाकावर चार तास बसवायचे, पाच-दहा मिनिटांचे किरण घ्यावयाचे आणि तिन्हीसांजेला परतायचे. असे दहा दिवस. ज्याच्या हाती आयुष्याचे साठ दिवस उरले आहेत, त्याचे दहा दिवस म्हणजे सहावा हिस्सा झाला. एखाद्याच्या जमिनीचा सहावा हिस्सा कोणी न विचारता घेतला, तर आपण कोर्टात जाऊ. त्याच्या उरलेल्या दिवसांचा हिस्सा मात्र आपण न विचारता खर्चून टाकतो, आणि त्याला सेवा म्हणतो.

यात दोष केवळ रुग्णालयांचा आहे असे नाही. जेथे बैठकीगणिक पैसे मिळतात, तेथे बैठका वाढण्याचा मोह असतो, हे जगभर दिसून आले आहे. पण आपलीही एक समजूत आहे, की जास्त दिवस म्हणजे जास्त उपचार. ‘एका दिवसात उरकून पाठवले, नीट पाहिलेसुद्धा नाही,’ अशी तक्रार आम्ही स्वतः ऐकली आहे. आणि जेव्हा आयुष्य दोन-तीन आठवड्यांवर येते, तेव्हा तर किरणांचा गुण येण्याइतकाही अवकाश उरत नाही. तेव्हा औषधे आणि घर हाच उपाय असतो. म्हणून कुटुंबाने डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: या उपचाराने नेमके काय साधायचे आहे, गुण केव्हा येईल, आणि कमी फेऱ्यांत भागेल का. असे विचारणे उद्धटपणाचे नव्हे.

पण वेदनेवरचे पहिले औषध किरण नव्हे, ते मॉर्फिन. त्याचे नाव काढले, की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. व्यसन लागेल, माणूस गुंगीत जाईल, ते शेवटचेच औषध आहे, अशी तीन भये त्याला चिकटली आहेत. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी या भयांचा पाया उखडला. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि वेदनेकडे डॉक्टरांचे लक्ष जावे म्हणून वयाच्या तिशीत वैद्यकाचे शिक्षण घेऊन स्वतः डॉक्टर झाल्या. त्या अँग्लिकन होत्या, पण १९५८ पासून सात वर्षे त्यांनी काम केले ते हॅकनी येथे आयरिश कॅथलिक सिस्टरांनी चालविलेल्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये. वेदना असह्य झाल्यावर सुई टोचण्याऐवजी, वेदना उठण्यापूर्वीच घड्याळ लावून दर चार तासांनी मॉर्फिन तोंडावाटे द्यावे, ही पद्धत त्यांनी तेथे रुग्णांच्या नोंदी ठेवून पक्की केली. अशा रीतीने दिलेल्या मॉर्फिनने कर्करोगाच्या रुग्णांना व्यसन लागणे विरळाच. पहिल्या चार-दोन दिवसांची गुंगीही पुढे ओसरते. बद्धकोष्ठ मात्र होतेच, म्हणून सोबत रेचक द्यावेच लागते. हा साधा नियम विसरल्यामुळे अनेकांनी मॉर्फिन सोडून दिले आहे. १९६७ मध्ये सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस उघडले आणि ‘समग्र वेदना’ ही कल्पना जगाला दिली. शरीराच्या कळेत मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि देवाविषयीचा रुसवा असे सारे मिसळलेले असते, असे त्या सांगत. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत जाणारी वेदनाशमनाची जी शिडी सांगितली, तिच्यातही घड्याळाचा हाच नियम आहे.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. नाव-गाव बाजूला ठेवून एक हकिगत सांगतो.

पानवेलीची वाडी असलेले एक वृद्ध गृहस्थ. पहाटेची मिस्सा त्यांनी कधी चुकविली नाही. प्रोस्टेटचा कर्करोग खुब्यात उतरला, तो नेमका उपवासकाळात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ते उशीखाली सारीत आणि वेदना आत्म्यांसाठी अर्पण करीत. सुनेला शंका आली तेव्हा त्यांनी तिला गप्प केले. परंतु आठवडाभरात निराळेच घडू लागले. जपमाळेचे एक दशकही त्यांच्याने पुरे होईना. ख्रिस्तशरीर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी परत पाठविले. ज्या पत्नीला पन्नास वर्षांत कधी अरेतुरे केले नव्हते, तिच्या अंगावर पाण्याचा पेला भिरकावला. फादर आले, तेव्हा त्यांनी विचारले, “फादर, गोळी घेतली तर क्रूस खाली टाकल्यासारखे होईल ना?” फादरांनी उपदेश केला नाही. ते म्हणाले, “काका, तुम्ही अर्पण करता आहात, ते ठीक. पण आज सकाळी काय अर्पण केलेत, आठवते का?” म्हाताऱ्याला काही आठवेना. सकाळपासून त्यांच्या ध्यानात केवळ खुबा होता.

या प्रश्नात आम्हांला साऱ्या चर्चेचे मर्म दिसते. दान देण्यासाठी आधी वस्तू आपल्या हातात असावी लागते. वेदनेच्या एका मर्यादेपर्यंत माणूस वेदनेचा धनी असतो. तो ती देवाला देऊ शकतो. ती मर्यादा ओलांडली, की वेदना माणसाची धनीण होते. मग त्याला ना प्रार्थना सुचते, ना पश्चात्ताप, ना प्रेम. अशा वेळी वेदना उतरविणे म्हणजे त्याच्याकडून क्रूस हिरावून घेणे नव्हे. क्रूस उचलायला लागणारे हात त्याला परत देणे होय. त्या गृहस्थांनी गोळ्या घेतल्या, एका बैठकीचे किरण घेतले. तिसऱ्या आठवड्यात ते ओट्यावर येऊन बसू लागले. बांधावरून ज्या भावाशी वीस वर्षे अबोला होता, त्याला त्यांनी स्वतः निरोप धाडला. पुढे दोन महिन्यांनी ते वारले. वेदना अगदीच नव्हती असे नाही, पण ती त्यांच्या ताब्यात होती.

कोणी म्हणेल, की क्रूसावर चढविण्यापूर्वी प्रभू येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि तो त्याने घेतला नाही. हा आक्षेप गंभीर आहे, आणि ख्रिस्तसभेनेही तो गंभीरपणे घेतला आहे. १९५७ च्या फेब्रुवारीत इटलीतील भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्यापुढे वेदनाशमनाविषयी तीन प्रश्न ठेवले. पोपमहोदयांच्या उत्तराचा गाभा असा, की वेदना सोसण्याचे कर्तव्य ख्रिस्ती माणसावर सरसकट लादलेले नाही. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाला आपली धार्मिक व नैतिक कर्तव्ये पार पाडता येणार असतील, तर आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी वेदनाशामक औषधे देता येतात. मात्र गंभीर कारणावाचून रुग्णाची शुद्ध हरपू देऊ नये. ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या दयामरणविषयक घोषणेत तर त्या द्राक्षारसाचाच दाखला घेतलेला आहे. प्रभूच्या वेदनांत सहभागी व्हावे म्हणून कोणी स्वेच्छेने औषध थोडे कमी घेत असेल, तर ते स्पृहणीय आहे. परंतु असे शौर्य सर्वांसाठी नियम म्हणून सांगणे शहाणपणाचे नाही, असा तिचा आशय आहे. ज्याला शूर व्हावयाचे आहे, त्याने स्वतःच्या बाबतीत व्हावे. दुसऱ्याच्या खुब्यातील कळेवर आपण शूर होणे ही फार स्वस्त भक्ती आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांचे ११ फेब्रुवारी १९८४ चे प्रेषितीय पत्र मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी आहे, पण त्याचा शेवटचा भाग वाहिलेला आहे तो भल्या शोमरोन्याला. दुःखाला अर्थ देणे आणि दुःखिताचे दुःख हलके करणे या दोन्ही गोष्टी त्या पत्रात एकत्र नांदतात. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. त्या काळचे वेदनाशमन ते हेच. हा माणूस किती दिवस जगेल, अशी चौकशी त्याने आधी केली नाही.

येथे एक सीमारेषा स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. वेदना मारण्यासाठी औषध देणे आणि माणूस मारण्यासाठी औषध देणे, यांत मात्रेचा नव्हे, जातीचा फरक आहे. एका कृतीचे दोन परिणाम होत असतील, तर कर्त्याचा हेतू कोणत्या परिणामावर आहे, वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन तर बनविलेले नाही ना, आणि दोहोंचे प्रमाण काय, हे पाहावे, असा विचार संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेला आहे. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढविलेले मॉर्फिन हे या कसोटीला उतरते. शिवाय आजचा अनुभव असा, की नीट दिलेल्या मॉर्फिनमुळे आयुष्य कमी होत नाही. किंबहुना २०१० मध्ये बोस्टन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना आरंभापासून नेहमीच्या उपचारांबरोबर परिहार सेवा मिळाली, ते इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले, आणि अधिक समाधानाने जगले. त्याचप्रमाणे शरीराला केवळ यातनाच देणारा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. २००५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे अखेरच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. आपल्या निवासस्थानीच, प्रार्थनेत, त्यांनी २ एप्रिल रोजी देह ठेवला.

आमच्या मते आपल्या समाजात सर्वांत अवघड प्रश्न औषधाचा नाहीच. तो सत्याचा आहे. रुग्णाला बाहेर बसवून मुलगा डॉक्टरांना हळूच सांगतो, ‘आईला काही सांगू नका, ती खचेल.’ मग ‘लाइट’ कशासाठी, तर सूज उतरावी म्हणून. मॉर्फिनच्या गोळीचे नाव, तर शक्तीची गोळी. आई सारे ओळखते. तीही मुलाला खचवायला नको म्हणून नाटक चालू ठेवते. एकाच खोलीत दोन माणसे एकमेकांपासून एकटी पडतात. यामागे प्रेम आहे, हे आम्ही जाणतो. परंतु अवचित आणि तयारीविना येणाऱ्या मरणापासून आम्हांला राख, अशी याचना आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. कर्करोग हा पुष्कळदा सूचना देऊन येणारा आजार आहे. पापनिवेदन, समेट, मृत्युपत्र, थोरल्या नातीला द्यावयाच्या बांगड्या, या साऱ्यांना त्यात अवधी असतो. सत्य लपविणारे घर हा अवधी हिरावून घेते आणि सूचना देऊन आलेल्या मरणालाही अवचित करून टाकते. सत्य म्हणजे अर्थात दगड नव्हे, की तो कपाळावर मारावा. रुग्ण जेवढे विचारील तेवढे सांगावे, खोटे सांगू नये, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नये. एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

याच भीतीपोटी आपण धर्मगुरूंनाही उशिरा बोलावतो. ‘फादर दारात दिसले तर आजी धसका घेईल.’ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘अंतिम अभ्यंग’ या नावापेक्षा ‘रुग्णांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरविले, आणि माणूस गंभीर आजारी पडू लागताच हा संस्कार घेण्याची वेळ आलेली असते, असे सांगितले. त्याला साठ वर्षे उलटून गेली. आपल्या पुष्कळ घरांत मात्र अजून घरघर लागल्यावरच फोन जातो. परिहार सेवेच्या डॉक्टरांचेही तसेच. ज्यांच्या येण्याने उरलेले दिवस सुसह्य व्हावेत, त्या दोघांनाही आपण यमदूत समजून उंबऱ्याबाहेर ठेवतो.

वस्तुतः या क्षेत्रात आपल्या मुंबईच्या कॅथलिकांनी देशाला वाट दाखविली आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे, मोत माउलीच्या डोंगरावर, ‘शांती आवेदना सदन’ उभे राहिले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. होली क्रॉस सिस्टरांनी ते सांभाळले. तेथे जात-धर्म विचारला जात नाही आणि पैसेही घेतले जात नाहीत. गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. डोंगरावर मेणबत्ती लावायला आपण सप्टेंबरात हजारोंनी जातो. जवळच्या या दारातून आत गेलेले मात्र थोडेच असतील. गालाच्या किंवा स्तनाच्या जखमेला कुजका वास येऊ लागला, की सख्खी माणसेसुद्धा दारातूनच बोलू लागतात. रुग्णाला ते कळते, आणि तो तोंड भिंतीकडे करतो. मेट्रोनिडाझोल नावाच्या स्वस्त औषधाची भुकटी डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर पसरली, तर हा वास बराचसा जातो. चार दिवसांत नातवंडे खाटेवर येऊन बसू शकतात. औषध काही रुपयांचे आहे. ते ठाऊक नसल्यामुळे एखादी बाई आयुष्याचे शेवटचे महिने अस्पृश्यासारखी काढते.

मॉर्फिनच्या बाबतीत तर सरकारनेच दीर्घकाळ दार बंद ठेवले होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे अफूची कायदेशीर शेती होते. जगाच्या वेदनाशमनासाठी ती अफू आपण परदेशी पाठवीत आलो. पण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे आणि शिक्षेच्या धाकामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली, आणि पुढच्या बारा वर्षांत देशातील त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. हे धोरण व्यसनी माणसांना रोखण्यासाठी आखलेले होते. शिक्षा झाली ती अंथरुणाला खिळलेल्यांना. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागले. तरीही तालुक्याच्या गावी ते मिळेलच, अशी खात्री नसते.

केरळात ही सेवा पसरली ती केवळ डॉक्टरांच्या बळावर नव्हे. कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांची पथके उभी राहिली. शिक्षक, रिक्षावाले, महाविद्यालयीन मुले आठवड्यातून काही तास देऊन आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. आपल्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल संघ आहे, लीजन ऑफ मेरी आहे, महिला मंडळे आहेत, आणि घरोघरी ख्रिस्तशरीर नेणारे सेवकही आहेत. ही माणसे आजाऱ्यांच्या घरी जातातच. जपमाळ झाल्यावर त्यांनी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या तर? दुखते का, आणि रात्री झोप लागते का? चार तासांची गोळी वेळेवर मिळते का, की घरचे ‘फार दुखेल तेव्हा देऊ’ म्हणून कपाटात ठेवतात? पोट साफ होते का? खोलीत पंखा आहे का? धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर वाऱ्याची झुळूक आली, तरी त्याला बरे वाटते. आणि जी सून किंवा जी म्हातारी बायको तीन महिने पाठीला पाठ न लावता हे सारे करीत आहे, तिला एक रात्र झोपू द्यायला कोण येणार, हेही तेथेच ठरवून टाकता येईल. शनिवारची रात्र आमच्या आळीने घ्यावी, बुधवारची तुमच्या.